पुरेचा चेंडू

बाबा रस्त्यात बसले होते. म्हणजे अगदी रस्त्यात नव्हे, एका बंद दुकानाच्या पायरीवर. पण माझे बाबा आणि पायरी, माझे बाबा आणि बसणं, हे माझ्या डोळ्यांना पटेचना. भरदुपारची वेळ. मी चष्म्याची काडी बसवून घेऊन ऑफिसकडे परत निघालो होतो, सिग्नलपाशी थांबलो होतो, आणि समोरच्या फुटपाथवर हा म्हातारा. एक हात पोटावर, दुसऱ्या हातानं शटरची कड धरलेली, मान खाली. आधी वाटलं, कोण बिचारा. 'बिचारा' हा शब्द मनात पुरता उमटला आणि मग चेहरा ओळखीचा झाला. अशा वेळी काळजात धस्स झालं असं सांगायची पद्धत आहे. माझ्या काळजात काही धस्स-बिस्स झालं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर गार फरशीवर पाय टेकावेत तसं बरं वाटलं. मी विजेच्या खांबाआड सरकलो आणि बघत राहिलो. सिग्नल सुटला, पुन्हा लागला, मागची माणसं मला ढकलून पुढे गेली. बाबा आणखी वाकले, कपाळ जवळजवळ गुडघ्याला टेकलं. मग एकदम उठले, शर्ट खाली ओढून सारखा केला, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून डावीकडे-उजवीकडे बघितलं, आणि निघाले. छाती पुढे, हनुवटी वर, हात कोपरात न वाकवता. चार पावलांत ते पुन्हा माझे बाबा झाले. मी ऑफिसात येऊन चहा घेतला. रोजचाच चहा, पण त्या दिवशी तो फार चांगला झाला होता.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी या शहरात अजून टक्कल पडलेली, ढेऱ्या सुटलेली माणसं त्यांना बघितलं की पोट आत ओढून उभी राहतात. त्यांची एक शिक्षा होती, तिला पोरं 'खुर्ची' म्हणायची. पाठ भिंतीला लावायची, गुडघे वाकवायचे, आणि खाली खुर्ची आहे असं समजून बसायचं. खुर्ची नसायची. समोर बाबा, हात मागे बांधून. "पुरे म्हण, सोडतो." बस, एवढंच. ओरडणं नाही, मारणं नाही. पोरं ओठ चावायची, रडायची, एखाद्याची चड्डी ओली व्हायची, पण 'पुरे' म्हणायची नाहीत. कारण पुरे न म्हणता जो धाडकन खाली कोसळायचा, त्याला बाबा स्वतः हात देऊन उठवायचे आणि म्हणायचे, "शाब्बास." त्या एका शाब्बासवर या लोकांनी अख्खा जन्म काढलाय. भेटले की मला सांगतात, सरांनी मला एकदा शाब्बास म्हटलं होतं, आणि डोळ्यांत पाणी आणतात, गाढव लेकाचे. मी मात्र लगेच म्हणायचो. मांड्या धड थरथरायलाही लागलेल्या नसायच्या. दुखलेलं मला आवडत नाही, कुणाला आवडतं? "पुरे, बाबा." की सुटका. पण ते सोडणं हीच खरी शिक्षा असायची. बाबा माझ्याकडे न बघता पुढच्या पोराकडे वळायचे, आणि रात्री पानावर बसलं की आईला म्हणायचे, "विचार याला, अजून वाढायचं की पुरे?" आई हसायची. हसायला नको होतं तिनं, पण ती हसायची, कारण न हसून तिला परवडलं नसतं.

'गांडूळ' हे नावही त्यांचंच. शाळेच्या मागे फुलझाडांचा वाफा होता, माळी पाणी सोडून गेला की माती फुगायची आणि गांडुळं वर यायची. मी तिथे उकिडवा बसून बघायचो. सगळी पोरं मैदानात आणि हे ध्यान वाफ्यापाशी. ते पुढे कसं जातं ते मला कळत नव्हतं. पाय नाहीत, हाड नाही, धरायला काही नाही. मग एकदा लक्षात आलं की ते शेपटीकडून फुगतं, मातीला घट्ट धरतं, आणि तोंडाकडचा भाग बारीक करून पुढे सारतं. मग तोंडाकडून फुगतं, तिथे धरतं, आणि मागचं ओढून घेतं. एका टोकानं धरायचं आणि दुसऱ्यानं सोडायचं, एवढीच त्याची विद्या. मला इतका आनंद झाला होता की मागे बाबा येऊन उभे राहिलेले कळलंच नाही. "काय बघतोयस?" मी सांगितलं, सगळं सांगितलं, फुगणं, धरणं, ओढणं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग दोन बोटांनी ते गांडूळ उचललं आणि वाफ्याच्या तापलेल्या दगडी काठावर ठेवलं. ते वळवळलं, उलटंपालटं झालं, दगडाला धरायला बघू लागलं. बाबा म्हणाले, "कणा नसला की असं होतं." माझी मान धरून त्यांनी मला शेवटपर्यंत बघायला लावलं. त्यानंतर मी शाळेत गांडूळ, गल्लीत गांडूळ, मावसभावांत गांडूळ. लग्नाच्या मांडवातही कुणीतरी मागून हाक मारलीच, आणि बायकोनं विचारलं, हे कोण?

आता मी गांडुळंच करतो. हसा. आमच्या कंपनीत माणसाच्या पोटात शिरून तपासणी करणारी यंत्रं बनतात, मऊ, रबराची, हाडं नसलेली. पूर्वी आतडं बघायचं तर कडक नळी ढकलावी लागायची, वळणावर ती आतड्याला ताणायची, माणूस कळवळायचा, म्हणून त्याला गुंगी द्यायची. आमचं यंत्र ढकलावं लागत नाही, ते आपलं आपण जातं. सुरुवातीला मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य बाईंनी, कुठली कुठली जनावरं नाचवून बघितली. जळू झाली, सुरवंट झाला, हत्तीची सोंडसुद्धा झाली. सोंड काचेच्या आतड्यात अशी अडकली की ते आतडंच फोडावं लागलं. मग मी वाफ्यातलं गांडूळ काढलं. साच्यात पातळ रबर ओतायचं, बुडबुडे राहिले की फेकून द्यायचं, पुन्हा ओतायचं. अंगाला कायम त्या रबराचा आंबूस वास. बायको म्हणते तुला मिठी मारली की सायकलचं दुकान आठवतं. तयार गांडूळ आम्ही आधी मुठीत धरून बघतो. हवा सोडली की ते बोटांत फुगतं, धरतं, सोडतं, तळहातावरून सरकत मनगटापाशी बाहेर येतं. एवढं मऊ की नवा माणूस हसतोच. पण मऊ म्हणजे निरुपद्रवी असं समजणाऱ्यांनी आयुष्यात कधी चिखलात पाय रुतवून बघावा. मऊ वस्तू सगळीकडून धरते, आणि जे सगळीकडून धरलेलं असतं त्याला कुठे दुखतंय हे सांगता येत नाही.

म्हणून चेंडू. रुग्णाच्या हातात एक रबरी चेंडू देतात, त्यातून एक बारीक नळी यंत्राकडे जाते. चेंडू दाबला की आतलं गांडूळ जिथे असेल तिथे हवा सोडून लुळं पडतं आणि आमच्या टेबलावर एक दिवा लागतो. बोलावं लागत नाही, ओरडावं लागत नाही. त्या चेंडूला ऑफिसात सगळे 'पुरे' म्हणतात. "पुरे लावला का?" "पुरेची नळी बदल." हे नाव मी दिलं, आणि का दिलं ते कुणी विचारलं नाही. त्याची एकच कटकट होती. पाहुण्यांना यंत्र दाखवताना ज्याच्या हातात चेंडू द्यावा तो न कळत दाबतो, माणसाच्या हाताला मऊ वस्तू दाबल्याशिवाय राहवतच नाही, आणि गांडूळ मध्येच लुळं पडून सगळ्यांसमोर शोभा होते. मग मी एक युक्ती काढली. चेंडूची नळी टेबलाखाली दुमडायची आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचा चिमटा लावून टाकायचा. पाहुणा खुशाल दाबत बसो. मॅडम म्हणाल्या, लाखमोलाचं यंत्र आणि त्याला धोब्याचा चिमटा! पण पद्धत पडली. काढायचा राहिला तरी बिघडत नव्हतं, कारण खऱ्या माणसावर यंत्र लावण्याआधी त्याला चेंडू एकदा दाबायला लावायचाच, हा आमचा नियम. फुस्स आवाज आला की पुढे जायचं.

पायरीवरचे बाबा मी कुणाला सांगितले नाहीत. आईचाच फोन आला. रक्त पडतंय, त्यांनी सांगितलं नाही, तिनं कपड्यांवर पाहिलं. जेवण अर्ध्यावर आलंय. दवाखान्यात नेलं तर नळीचं नाव काढताच उठून चालू लागले, मी काय तुंबलेलं गटार आहे का म्हणाले. "गुंगी देतात हो," असं डॉक्टरनं म्हटल्यावर तर फारच बिथरले. शुद्ध हरपून परक्यांसमोर उघडं पडायचं, छे! मग आई म्हणाली, "तुझं ते मऊ आहे ना रे? गुंगी लागत नाही म्हणतोस ना?" बायको पलीकडून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "कमाल आहे बाई. बापाशी एक वाक्य धड बोलत नाहीस, आणि बापाच्या आतड्यात शिरायला निघालास." मी म्हटलं, अजून हो कुठे म्हटलंय. ती म्हणाली, "तोंड बघ आरशात, हो म्हणून झालंय." तिची जीभ अशी आहे. आणि खरंच होतं ते, माझ्या मनात आईचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच चेंडू आला होता. बाबांच्या हातात पुरेचा चेंडू. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्यांनी तो दाबावा, आणि मी समोर असावा. मी लगेच सोडणार होतो हो. दाबल्या क्षणी सोडणार होतो. आणि त्यांच्याकडे न बघता दुसरीकडे वळणार होतो.

मी घरी गेलो तेव्हा ते खिडकीपाशी उभे होते. बसा म्हटलं तर म्हणाले, मी ठीक आहे. गाल आत गेले होते, कॉलरमध्ये मान सैल झाली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जायचा नव्हता. "आई म्हणते तू किडा सोडणार माझ्यात."

"किडा नाही, यंत्र आहे, बाबा."

"गांडूळच ना?"

"गांडुळासारखं चालतं."

ते हसले. कितीतरी वर्षांनी माझ्याकडे बघून हसले. "म्हणजे अखेर शिरलास. ठीक आहे. पण तू पाहिजेस तिथे. परक्या कुणाचा हात मला नको." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. ती म्हणाली, "आपलं आतड्याचं माणूस असलेलं बरंच," आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन आत वळली. नातेवाइकानं यंत्रापाशी बसायचं नाही असा कंपनीचा दंडक आहे. मी मॅडमना सांगितलं, म्हातारा दुसऱ्या कुणाला तयार नाही. त्या कुरकुरल्या, मग म्हणाल्या, गांडूळ डॉक्टरांच्या हातात राहील, तू फक्त हवेच्या दाबावर बस. मला तेवढंच हवं होतं.

तपासणीची खोली आमच्याच इमारतीत, ऑफिसच्या एक मजला खाली. पांढऱ्या फरश्या, एक पलंग, एक पडदा, भिंतीवर मोठा स्क्रीन, आणि त्याच्या बाजूला माझं दाबाचं टेबल. बाबांना हिरवा झगा घातला होता, मागून उघडा. कवायतीच्या मास्तरांना मागून उघडा झगा! मी त्यांच्या पिंढऱ्या पाहिल्या. एकेकाळी त्या पिंढऱ्यांकडे बघत आम्ही मैदानाला फेऱ्या मारायचो, आता कातडी हाडावरून वेगळी लोंबत होती. मला दया यायला हवी होती. थोडी आलीही, पण ती पुढे यायच्या आत बाबांनी नर्सला खडसावलं, "धरू नका, मला चढता येतं," आणि दया आली तशी परत गेली. डॉक्टर तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या. "काका, डाव्या कुशीवर व्हा. छान. आता हा चेंडू घ्या. त्रास वाटला की दाबायचा, सगळं लगेच थांबतं. एकदा दाबून बघा बरं."

"नको," बाबा म्हणाले.

"अहो, नुसतं बघायचंय."

"मी हे दाबणार नाही. मग बघायचं कशाला?" हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, पण बघत माझ्याकडे होते. डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं. मी म्हणायला हवं होतं, बाबा, नियम आहे. परक्या म्हाताऱ्याला मी ते लहान मुलासारखं समजावून सांगतो, हातावर हात ठेवून दाबायला लावतो. पण त्या क्षणी मी टेबलापाशी बसलेला नव्हतोच, भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवलेला होतो, आणि समोर कुणीतरी म्हणत होतं की मी पुरे म्हणणार नाही, तुझ्यासारखा. माझ्या कानशिलात रक्त चढलं. म्हटलं, बघू. मोठ्यानं म्हटलं, "राहू दे, डॉक्टर. ते नाहीच दाबायचे." बाबांनी चेंडू घेतला आणि हात चादरीखाली नेला.

मग मी माझ्या बापाच्या आत गेलो. स्क्रीनवर आधी काळोख, मग गुलाबी, ओली, चमकणारी भिंत, वळ्यावळ्यांची. इतकी वर्षं मी डुकरांची आतडी बघितली, काचेची बघितली, परक्या माणसांची बघितली, सगळी सारखीच. हेही तसंच होतं. काय वेगळं असणार होतं? पण मला वाटलं होतं की असेल. वाटलं होतं, आत गेल्यावर कुठेतरी ते ताठ उभे असतील. तिथे काही ताठ नव्हतं, सगळं मऊ, हललं की हलणारं, माझ्यासारखं. गांडूळ मागून फुगलं, धरलं, पुढे सरलं. पुढून फुगलं, धरलं, ओढलं. "वा, सुंदर चाललंय," डॉक्टर म्हणाल्या. बाबांच्या कपाळावर घाम होता. डाव्या बरगडीखाली आतडं एकदम वळतं, तिथे सगळ्यांनाच त्रास होतो, तिथे बहुतेक जण चेंडू दाबतात. आम्ही मग हवा काढतो, दम खाऊ देतो, दाब कमी करून हळू हळू जातो. मी वाट बघत होतो. वळणात गांडुळाची पकड सुटायला लागली म्हणून डॉक्टरांनी दाब वाढवायला सांगितला, मी वाढवला. "काका, फार होतंय का?"

"चालू द्या," बाबा म्हणाले. आवाज घशातून नाही, दातांतून आला.

"त्रास झाला तर चेंडू आहे हं हातात."

"चालू द्या म्हटलं ना!"

चादरीखाली त्यांची मूठ हलत होती. उघडत होती, मिटत होती. ही त्यांची जुनी सवय, मैदानात पोरांना उभं करून ते असेच मागे मुठी आवळायचे. मला ती मूठ बघून संताप आला. मरायला टेकला तरी मुठी वळतोय. मनात म्हटलं, दाबा की. एवढा मऊ चेंडू आहे, बोटं मिटायचा अवकाश, कुणाला कळणारही नाही, फक्त मला कळेल. पुरे म्हणा, सोडतो. हे शब्द मी मनात म्हटले, त्यांच्याच आवाजात म्हटले, आणि त्या आवाजाची मला मजा वाटली. दाब आणखी वाढवायला कुणी सांगितलं नव्हतं. पण वळण पार व्हायचं होतं, मर्यादेच्या आतच होता दाब, आणि ज्याला पुरे म्हणायचं नाही त्याचं आतडंही मजबूत असेल, नाही का? मूठ आता भराभर हलत होती. बाबांचे डोळे उघडे होते आणि ते सरळ माझ्याकडे बघत होते. मीही बघत होतो. इतका वेळ आम्ही एकमेकांकडे कधीच बघितलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कडेनं नाकावर ओघळलं, आणि तरी चेंडूचा दिवा लागला नाही. मला क्षणभर अभिमान वाटला त्यांचा, खरं सांगतो. काय माणूस आहे, म्हटलं.

वळणाच्या पलीकडे गाठ होती. काळपट, ओबडधोबड, रक्तानं माखलेली. "सापडली," डॉक्टर पुटपुटल्या, आणि पुढे काही बोलणार तेवढ्यात बाबांच्या तोंडून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. स्क्रीनवर गुलाबी भिंत एकदम सैल झाली आणि तिच्यात काळी फट दिसली, वळणापाशीच, जिथे गांडुळानं धरलं होतं तिथे. "हवा सोड, सगळी सोड!" डॉक्टर ओरडल्या. मी सोडली. गांडूळ लुळं पडलं. बाबांचं पोट ढोलासारखं ताठ झालं होतं. नर्सनं कुणालातरी हाक मारली, डॉक्टर फोनवर भराभर बोलू लागल्या, आतडं फाटलंय, आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल, हो, शुद्धीवर आहेत, वय झालंय. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. पलंग हलवायचा म्हणून नर्सनं चादर बाजूला केली. बाबांची मूठ चेंडूवर मिटलेली होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली, अंगठ्याचं नख रबरात रुतलेलं. चेंडू चपटा झाला होता. मी टेबलाखाली वाकलो.

नळी दुमडलेली होती आणि तिच्यावर निळा चिमटा होता. आदल्या दिवशी पाहुणे आले होते. मीच लावला होता, माझ्याच हातानं, आणि वर हसून म्हटलं होतं, आता दाबा पाहिजे तेवढं. मी चिमटा काढला आणि खिशात टाकला. माझा हात इतका सफाईनं हे सगळं करत होता की तो दुसऱ्या कुणाचा असावा. नळी सुटल्याबरोबर चेंडूत कोंडलेली हवा यंत्रात गेली, फुस्स झालं, आणि माझ्यासमोरच्या टेबलावर पुरेचा दिवा लागला. नर्सनं मान वर करून बघितलं. "आता कशाला दाबलंत काका," ती म्हणाली, "आता झालं सगळं."

रुग्णवाहिकेपर्यंत पलंगाबरोबर मी चालत होतो. लिफ्टमध्ये आम्ही आणि एक वॉर्डबॉय, तो आकड्यांकडे बघत उभा. बाबांनी बोटानं मला खाली वाकायला सांगितलं. मला वाटलं पाणी मागतील. त्यांचा श्वास कानाला लागला, त्याला आंबट वास होता.

"मी दाबत होतो," ते म्हणाले.

माझा हात खिशात गेला.

"तोंडानं नाही म्हटलं. हातानं म्हटलं. पहिल्या वळणापासून म्हणत होतो. तुला तिथे दिसत होतं ना? दिवा का काय ते?" त्यांना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. "तू बघत होतास. माझ्याकडे बघत होतास, आणि सोडलं नाहीस."

खिशात माझा हात चिमट्यावर होता. एक वाक्य होतं, फार सोपं वाक्य. बाबा, चिमटा राहिला होता, मला कळलंच नाही. ते जिभेवर आलंही होतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी तो चेहरा आयुष्यभर बघितला होता, पण नेहमी दुसऱ्याच्या बाजूला वळलेला, भिंतीपाशी कोसळलेल्या कुणातरी पोराकडे वळलेला. त्यांनी हात उचलला, अर्ध्यातच तो माझ्या बाहीवर पडला.

"शाब्बास," बाबा म्हणाले. "आला कणा."

लिफ्ट खाली पोहोचली. खाली वाट बघत बसवलेली आई दारात उभी होती, बायकोनं तिला धरलं होतं. डॉक्टरांनी फोनवर काय सांगितलं असेल ते असेल, आईचा चेहरा कागदासारखा झाला होता. पलंग तिच्याजवळून जाताना ती बाबांच्या पायांना हात लावत राहिली, मग माझ्याकडे वळली. "फार दुखलं का रे त्यांना? चेंडू होता ना हातात? एकदा तरी पुरे म्हणाले असतील ना?" ती हे रडत विचारत होती, आणि बाबा डोळे मिटून ऐकत होते. ऐकत होते हे मला कळलं, कारण त्यांची हनुवटी थोडी वर झाली. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. चिमट्याची स्प्रिंग माझ्या तळहातात रुतली होती आणि मी ती आणखी दाबली.

"नाही, आई," मी म्हटलं. "बाबा कधी म्हणतात का?"